एकोणिसाव्या शतकातला पोलिश संगीतकार शोपँच्या पियानो रचना एवढ्या अवघड का मानतात? दोन वर्षं शिकलेल्याला त्या वाजवता येतील का?

काही येतील. ओपस २८ (ओपस म्हणजे छापलेल्या संग्रहाचा क्रमांक) मधले चौथे, सातवे आणि विसावे प्रेल्यूड (छोट्या स्वतंत्र रचना) घ्या. सातवा जेमतेम १६ बारांचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा तुकडा) आहे. बाराव्या बारातली पसरट कॉर्ड (एकदम दाबायचे अनेक स्वर) तेवढी त्रास देते. एत्यूदांना, म्हणजे एकेका अवघड तंत्रावर बेतलेल्या रचनांना, मात्र इतक्यात हात लावू नका.

‘बोटं कमकुवत आहेत, आधी ती बळकट करा’ हा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईलच. शोपँच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे. १८३३ मध्ये छापलेल्या ओपस १० मधला दुसरा एत्यूद बघा. उजव्या हाताची मधलं बोट, अनामिका आणि करंगळी मिळून अखंड क्रोमॅटिक स्केल (काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या ओळीने) वाजवतात आणि त्याच हाताचा अंगठा व तर्जनी प्रत्येक मात्रेवर छोटी कॉर्ड देतात. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) १४४, म्हणजे मिनिटाला १४४ मात्रा; मात्रेला चार स्वर, म्हणजे सेकंदाला साडेनऊच्या आसपास. अंगठा खाली घालून स्केल वाजवायची सवय इथे कामाची नाही. मधलं बोट करंगळीवरून ओलांडावं लागतं.

हात भरून येतो तो बहुधा वरच्या तीन बोटांमुळे नाही. कॉर्ड वाजल्यावर अंगठा आणि तर्जनी ताठ राहतात, तो ताण कोपरापर्यंत चढतो आणि दुसऱ्या पानावर हात दगड होतो. म्हणून आधी नुसती वरची ओळ वाजवा, अंगठा सैल लोंबता ठेवून. मग नुसत्या कॉर्ड: दाबली की लगेच सोडायची. दोन्ही जोडताना मेट्रोनोम ६० वर ठेवा आणि चार-चारने वाढवा. सगळं हळू आवाजात, कारण स्वरलिपीतही सुरुवातीला हळूच लिहिलंय. जोर लावून सराव केला की वेग येतच नाही. एका वेळी दहा मिनिटं पुरे. बोटांचे आकडे शोपँने जवळपास प्रत्येक स्वरावर दिलेत, ते बदलू नका: लांब मधलं बोट काळ्या पट्ट्यांवर, आखूड करंगळी पांढऱ्यांवर जाईल असा हिशेब त्यात आहे.

अनामिकेचा स्नायुबंध शेजारच्या बोटांच्या बंधांना जोडलेला असतो, तो कुठल्याही व्यायामाने सुटत नाही. शोपँला हे पटलेलं होतं; सगळी बोटं सारखी करण्याच्या तो विरोधातच होता. शिष्यांना पहिली स्केल तो बी मेजर (पाचही काळ्या पट्ट्यांची) द्यायचा, सी मेजर (नुसत्या पांढऱ्यांची) नाही, कारण बी मेजरमध्ये लांब बोटं आपसूक काळ्या पट्ट्यांवर पडतात. तासन्‌तास पाच बोटांचे व्यायाम घोटून घेणाऱ्या शिक्षकांनी याचं उत्तर द्यावं.

हार्मोनियमवरून आलेल्यांना वेगळीच अडचण येते. तिथे आवाज भाता ठरवतो, इथे प्रत्येक पट्टी किती वेगाने खाली गेली त्यावर ठरतो. चौथ्या प्रेल्यूडमध्ये डाव्या हाताच्या त्याच त्या कॉर्ड मेलडीच्या खाली दबलेल्या ठेवणं म्हणूनच दिसतं तितकं सोपं नाही. पट्टी पूर्ण वर येऊ न देता पुन्हा दाबा.

आणि हो, शोपँच्या वेळचे प्लेएल कंपनीचे पियानो आजच्यापेक्षा हलक्या पट्ट्यांचे होते, त्यामुळे छापलेला वेग गाठलाच पाहिजे असं नाही. मनगट दुखलं तर त्या दिवशी सराव बंद. वजनदार पट्ट्या नसलेल्या कीबोर्डवर एत्यूद बसवू नका. पियानोवर गेल्यावर सगळं पुन्हा शिकावं लागेल.