हॉस्पिसची सेवा चांगली आहे की नाही, हे कशावरून ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचा कर्करोग पसरलाय, केमो थांबवायचं ठरलंय आणि शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाचा त्रास कमी करण्यासाठी घरी येऊन सेवा देणाऱ्या दोन हॉस्पिस संस्थांशी तुमचं बोलणं झालंय. एकीचं नाव मोठं, दुसरी लहान. दोन्हीकडची माणसं आपुलकीने बोलली, त्यामुळे निवड कशावर करायची ते कळत नाही.

मी बरीच वर्षं पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या सेवेत, नर्स होते. पुढे आईच्या शेवटच्या आजारात फोन लावून मदत मागणारीही मीच होते. दोन्ही बाजू पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. रुग्ण ‘दुखतंय’ म्हणाला, तेव्हापासून त्याला प्रत्यक्ष आराम पडेपर्यंत किती वेळ जातो, यावर हॉस्पिसची पारख करावी. आपुलकी हवीच, पण पहिल्या भेटीत ती सगळ्यांकडेच असते.

हा वेळ सगळ्यात जास्त लांबतो तो रात्री आणि सुट्टीच्या दिवशी. म्हणून पहिला प्रश्न तोच विचारा, आणि तोही प्रसंग सांगून विचारा: “रविवारी रात्री दोन वाजता बाबांच्या कमरेतली कळ एकदम वाढली, तर फोन कोण उचलेल? ते मला काय करायला सांगतील? आणि त्याने भागलं नाही तर घरी कोण येईल, किती वेळात?” यावर नुसतं ‘आम्ही चोवीस तास उपलब्ध आहोत’ म्हणाले, तर पुन्हा विचारा. चांगल्या ठिकाणी फोन ड्यूटीवरची नर्स घेते किंवा काही मिनिटांत तिचा उलट फोन येतो. तुमच्या वडिलांची नोंद तिच्यासमोर असते. घरात ठेवलेल्या औषधांतलं कोणतं, किती द्यायचं ते ती सांगते, आणि अर्ध्या-पाऊण तासाने ‘आता कसं आहे?’ म्हणून स्वतःहून फोन करते. हा दुसरा फोन फार बोलका असतो. जिथे तो येतो, तिथे आराम पडला की नाही याची जबाबदारी ते स्वतःची मानतात.

आमच्या टीमकडे नंतर आलेल्या एका कुटुंबाने आधीच्या संस्थेचा अनुभव सांगितला होता. रात्री फोन लावला तर ऑपरेटरने नाव आणि पत्ता लिहून घेतला. तासाभराहून जास्त वेळाने नर्सचा फोन आला. ती म्हणाली, मॉर्फिनचा, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या औषधाचा, जादा डोस द्या. घरात मॉर्फिनच नव्हतं. चिठ्ठी सकाळी मिळणार होती. त्या बाईंनी नवऱ्याचा हात धरून अख्खी रात्र काढली. यात कोणी उद्धटपणे बोललं नव्हतं, कोणी दुष्ट नव्हतं. फक्त रात्रीची व्यवस्था कोणी लावून ठेवली नव्हती. अशी रात्र कुणाच्याही वाट्याला येऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून या मुद्द्यावर एवढं लिहितेय.

यातूनच दुसरा प्रश्न येतो: पहिल्या दिवसापासून घरात काय ठेवणार? नीट चालणारी सेवा गरज पडण्याआधीच औषधांचा एक डबा देऊन ठेवते. त्यात लवकर लागू पडणारं मॉर्फिन, उलटीवरचं औषध, अस्वस्थपणा आणि भ्रम यावरचं औषध, घशातली घरघर कमी करणारं औषध असं सगळं असतं. प्रत्येकावर कशासाठी, किती आणि किती वेळाने, हे तुम्हाला कळेल अशा भाषेत लिहिलेलं असतं. नर्सने ते नुसतं हातात देऊन भागत नाही. ड्रॉपरमध्ये औषध भरून दाखवायचं, मग तुमच्याकडून भरून घ्यायचं, असं शिकवलं पाहिजे. घाबरलेल्या माणसाला मध्यरात्री चिठ्ठीवरचं अक्षर वाचता येत नाही, पण हाताला सवय असेल तर हात चालतो.

आता औषधांच्या ज्ञानाबद्दल. तुम्ही डॉक्टर नसलात तरी हे तपासता येतं. आधुनिक हॉस्पिसचा पाया घालणाऱ्या सिसिली सॉंडर्स यांनी 1967 साली लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केलं. दुखणं उफाळण्याची वाट न पाहता वेदनाशामक घड्याळाप्रमाणे द्यायचं, हा त्यांचा आग्रह होता. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 मध्ये कर्करोगाच्या वेदनेबद्दल जी मार्गदर्शक सूत्रं दिली, त्यांतही शक्यतो तोंडावाटे आणि वेळच्या वेळी औषध, हेच सांगितलं होतं. तेव्हा तुमच्यासमोर बसलेला माणूस ‘फार दुखलं तरच द्या’ म्हणत असेल, तर सावध व्हा. सतत दुखत असेल तर नियमित डोस हवाच, आणि मध्येच कळ आली तर त्यासाठी वेगळा जादा डोस ठरवून लिहिलेला हवा.

आणखी एक साधी परीक्षा आहे. विचारा, “मॉर्फिन सुरू केल्यावर पोटाचं काय?” मॉर्फिनची गुंगी आणि मळमळ बहुतेकांना काही दिवसांत कमी होते, पण बद्धकोष्ठता आपोआप जात नाही. म्हणून जाणकार माणूस मॉर्फिनबरोबर पहिल्याच दिवशी पोट साफ राहण्याचं औषध सुरू करतो. ‘त्रास झाला तर बघू’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. चार-पाच दिवस शौचाला न झालेल्या, आधीच थकलेल्या माणसाचे हाल मी पाहिलेत, आणि ते पहिल्याच दिवशी टाळता आले असते.

तसंच वेदनाशामक पॅचचं. त्वचेवर लावायचा फेंटानिलचा पॅच पूर्ण लागू पडायला बारा तास किंवा त्याहून जास्त लागतात, आणि तो साधारण 72 तासांनी बदलायचा असतो. आत्ता कळवळणाऱ्या माणसाला नुसता पॅच लावून कोणी निघून जात असेल, तर मधल्या तासांचं काय, हे विचारायला संकोचू नका. पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, कारण उष्णतेने औषध जास्त वेगाने शरीरात जातं. हे त्यांनी तुम्हाला न विचारता सांगितलं तर समजा, माणसं नीट शिकलेली आहेत.

मॉर्फिनची भीती तुमच्याही घरात असेल. सवय लागेल का, त्याने मरण लवकर येईल का, हे प्रश्न नातेवाईक विचारतातच आणि विचारायलाच हवेत. वेदनेच्या प्रमाणात, हळूहळू वाढवत नेलेलं मॉर्फिन मरण ओढवून आणत नाही. पॅलिएटिव्ह केअरमध्ये मृत्यू घाईने आणायचा नसतो आणि ओढूनताणून लांबवायचाही नसतो, असं जागतिक आरोग्य संघटनेनेच म्हटलंय. चांगली टीम हे तुमच्यासोबत बसून शांतपणे समजावते. ‘आम्हाला माहीत आहे, तुम्ही काळजी करू नका’ एवढंच म्हणून विषय संपवणारी टीम पुढच्या प्रत्येक प्रश्नालाही तेच म्हणेल.

पहिली भेट नीट निरखा. ‘किती दुखतं?’ एवढं विचारून शून्य ते दहामधला आकडा लिहून घेणं सोपं असतं. मुरलेली नर्स ‘कसं दुखतं?’ हेही विचारते. ठणका आहे, जळजळ आहे, की करंट लागल्यासारखं वाटतं? नसांचं दुखणं असेल तर एकट्या मॉर्फिनने भागत नाही, वेगळी औषधं जोडावी लागतात. ती हेही विचारते की रात्री झोप लागते का, धाप लागते का, तोंड कोरडं पडतं का, आणि कशाची भीती वाटते. सॉंडर्स ज्याला समग्र वेदना म्हणायच्या, त्यात शरीराबरोबर मन, नाती, पैशाची चिंता आणि श्रद्धा हे सगळं येतं. वडिलांशी बोलायच्या ऐवजी सगळा वेळ तुमच्याशीच, त्यांच्या डोक्यावरून बोलणारी नर्स असेल, तर मला ते खटकेल.

तिने पांघरूण बाजूला करून टाचा आणि माकडहाड पाहिलं का, याकडे लक्ष द्या. बेडसोरची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांची, सुरुवात बहुतेकदा तिथेच होते. जाणकार नर्स लालसर दिसणाऱ्या जागेवर बोटाने हलकेच दाबते आणि रंग फिका पडतो का ते पाहते. पडला नाही तर तिथे इजा सुरू झालेली असते, कातडी अजून फाटली नसली तरी. काळसर वर्णावर लाली दिसत नाही, म्हणून ती हात लावून जागा गरम किंवा कडक लागते का तेही बघते. मग पोटरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी कशी ठेवायची, कूस बदलताना ओढायचं का नाही, खालची चादर धरून दोघांनी कसं सरकवायचं, हे ती दाखवते. पाच मिनिटांचं काम असतं, पण त्यातून टीमची शिस्त कळते.

पुढे वडिलांना बोलता येणार नाही असे दिवस येऊ शकतात. तेव्हा दुखणं कसं ओळखणार, हे आत्ताच विचारा. कूस वळवताना कपाळावर आठी पडते, मूठ आवळली जाते, श्वास जोरात होतो, कण्हणं येतं. या खुणा मोजायच्या पद्धती आहेत आणि त्या वापरणाऱ्या टीमला हे तोंडपाठ असतं. गिळता येईनासं झाल्यावर औषध कसं देणार? त्वचेखाली बारीक सुई ठेवून छोट्या पंपाने औषध देता येतं आणि तेही घरी करता येतं. ‘मग हॉस्पिटलला हलवावं लागेल’ हेच एकमेव उत्तर असेल, तर त्यांची तयारी अर्धवट आहे.

शेवटच्या दिवसांत काय होतं, हे त्यांनी तुम्हाला आधी सांगितलं पाहिजे. भूक जाते, झोप वाढते, हातपाय गार पडतात, श्वास थांबून थांबून येतो, घशात घरघर होते. आधी कोणी सांगितलेलं नसेल तर त्या घरघरीने घरची माणसं हादरतात आणि ॲम्ब्युलन्स बोलावतात. त्या अवस्थेत कुशीवर वळवणं, औषध देणं आणि ओल्या स्पंजने ओठ आणि तोंड ओलं ठेवणं यांचा उपयोग होतो. सलाइन लावल्याने सूज आणि घशातला स्राव वाढू शकतो. मृत्यूनंतर पहिला फोन कुणाला करायचा, कागदपत्रं कोण करणार, नंतर घरच्यांची चौकशी करायला कोणी येतं का, हेही एका बैठकीत विचारून घ्या.

माणसांबद्दल थोडक्यात विचारा: एका नर्सकडे किती रुग्ण आहेत, दर वेळी तीच येणार की रोज नवा चेहरा, डॉक्टर स्वतः घरी येतात की फक्त फोनवर असतात? आकडा सांगायला टाळाटाळ झाली तर तेही लिहून ठेवा. माहितीपत्रक, पुरस्कार, ऑफिसचा थाट याला मी फार वजन देत नाही. मान्यता आणि परवाना तपासायचा आणि पुढे जायचं.

निवडीत आठवडे घालवू नका. 2010 साली अमेरिकेत फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या 151 रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळाली, त्यांचं जगणं जास्त सुसह्य झालं आणि ते सरासरी जास्त काळ जगलेही. बहुतेक कुटुंबं फार उशिरा येतात, आणि मग टीमला रुग्णाची ओळख व्हायच्या आतच सगळं संपतं.

एक संस्था निवडा आणि पहिल्या आठवड्यात एक वही ठेवा. त्रास किती वाजता सुरू झाला, फोन किती वाजता केला, कोणी उचलला, औषध कधी दिलं, आराम कधी पडला. एवढंच लिहायचं. वही नर्सला मोकळेपणाने दाखवा. चांगली नर्स ती वाचून डोस बदलून घेते आणि तुमचे आभार मानते. वहीतली वेळ लांबत चालली असेल, किंवा वही पाहून नर्सला राग येत असेल, तर सेवा बदला. त्यात कसलाही अपमान नाही आणि वडिलांवर अन्यायही नाही.

मोठं नाव की लहान संस्था, हे मला इथून सांगता येणार नाही. पण सही करण्याआधी दोघांच्याही रात्रीच्या नंबरवर एकदा रात्री फोन करा. सरळ सांगा की आम्ही सेवा घ्यायचा विचार करतोय आणि रात्री फोन कोण घेतं ते जाणून घ्यायचंय. आणि वडिलांना बोलता येत असेल तर दोन्ही नर्सना घरी बोलावून त्यांच्याशी बोलू द्या. कुणी हात लावलेला त्यांना चालेल, हे त्यांनाच विचारा.