एक्स्पॅट म्हणजे निर्वासित नव्हे!

प्रश्न एका अनुवादकाचा आहे. एका इंग्रज शिक्षकाच्या आठवणी ते मराठीत आणत आहेत. हे शिक्षक आधी इजिप्तमध्ये कैरोत, मग सौदी अरबस्तानात जेद्दात, अशी बरीच वर्षं अरबांमध्ये राहिले. स्वतःला ते 'एक्स्पॅट' म्हणवतात, म्हणजे 'एक्स्पॅट्रिएट', परदेशात राहणारा. त्याला मराठीत काय म्हणावं? आणि कैरोतले शेजारी त्यांना 'खवागा' अशी हाक मारतात, तिचं काय करावं? कच्च्या खर्ड्यात अनुवादकांनी 'निर्वासित' लिहिलं आहे.

ते आधी खोडा. हा 'निर्वासित' मी बातम्यांतही वाचतो आणि दर वेळी डोकं फिरतं. घरदार टाकून जीव मुठीत धरून निघालेला तो निर्वासित. मालकाच्या खर्चाने विमानातून उतरून, पोहण्याच्या तलावाशेजारच्या बंगलीत राहून, आयकर न भरता पगार घेणाऱ्याला निर्वासित म्हणायचं, तर खऱ्या निर्वासितांनी जायचं कुठे? दुसरी चूक म्हणजे त्या शब्दात 'पेट्रियट' शोधून 'माजी देशभक्त' अशी कोटी करणं. लॅटिनमध्ये 'पात्रिया' म्हणजे मायदेश. त्याच्या बाहेर असलेला तो एक्स्पॅट. देशभक्ती त्याने बरोबर नेली की घरी ठेवली, याबद्दल शब्द गप्प आहे. काहीजण 'परागंदा' सुचवतात. तो मुळात फारसी, अर्थ विखुरलेला. पण मराठीत परागंदा होतो तो कर्ज बुडवणारा किंवा पोलीस मागावर असलेला.

माझं उत्तर: मुक्कामी.

हसू नका. एसटीची मुक्कामी गाडी आठवा. रात्री गावात येते, पहाटे जाते. ड्रायव्हर-कंडक्टरला गाव ओळखतं, कोणी भाकरीही देतं, पण ग्रामपंचायतीच्या यादीत त्यांचं नाव नसतं. अरब देशातला गोरा वीस वर्षं राहिला तरी हेच.

आता यातली खरी गंमत. सौदीत परदेशी माणसाच्या खिशात एक परवाना असावाच लागतो, 'इकामा'. कोकणातल्या ज्या घरांतून कोणी आखातात गेलेलं आहे, तिथे हा शब्द रेशनकार्डाइतका ओळखीचा आहे. आणि इकामा व मुक्काम हे सख्खे भाऊ आहेत! दोघांचं अरबी मूळ काफ-वाव-मीम या तीन अक्षरांचं, मूळ भाव 'उभं राहणं'. जिथे उभे राहिलात तो मकाम किंवा मुकाम. आपण मधला क दुप्पट केला, पत्त्यावर 'मु. पो.' लिहू लागलो आणि शब्द परका असल्याचं विसरलो. घरातली बाकी भावंडं पाहा: जे उभंच राहतं ते कायम. एकत्र उभी राहते ती कौम. मेलेले उठून उभे राहतील तो दिवस कयामत. वस्तू ज्या मोलावर उभी राहते ती किंमत. मशिदीत नमाज सुरू होण्याच्या क्षणी जी दुसरी, छोटी हाक देतात तीही इकामाच. म्हणजे जेद्दातला आपला शिक्षक हा शब्द दिवसातून पाच वेळा कानांनी ऐकत होता आणि चोवीस तास खिशात बाळगत होता. पूर्वी परवान्याची पुस्तिका मुसलमानाला हिरवी आणि इतरांना तपकिरी मिळे, तेव्हा त्यांची तपकिरी असणार.

आणखी ऐका. 2019 साली सौदीने बिनमुदतीचा खास इकामा काढला, 8 लाख रियालला. कायम इकाम्याची किंमत! तिन्ही शब्द एकाच मुळाचे. असं वाक्य मुद्दाम रचायला बसलात तरी जमणार नाही.

एका विद्वानांनी मागे मला सुनावलं होतं की मुक्काम संस्कृतच आहे, 'काम जिथे मुक्त होतं तो मुक्काम'. यावर काय बोलणार? उद्या कयामत म्हणजे 'काय मत' असंही सांगतील. दुसरे 'परदेशाधिवासी' हा शब्द घेऊन आले, आपली भाषा शुद्ध राहावी म्हणून. शुद्धीची हौस जुनी आहे. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, पुढे सावरकरांची चळवळ झाली, त्यातले कितीतरी शब्द छान रुजलेही. पण ज्याला परदेशाधिवासी म्हणायचं तो हा शब्द उच्चारेपर्यंत त्याचा व्हिसा संपेल.

एक सावधगिरी. कायम आणि कायदा ही भावंडं समजू नका. कायदा आला 'काइदा'वरून, म्हणजे पाया, आणि त्याचं मूळ आहे 'बसणं'. कायम उभा, कायदा बसलेला. मुकादमही या घरचा नाही. तो 'पुढे असणं'वाल्यांकडचा, कदमच्या गल्लीतला.

'मुक्कामी' मला आवडण्याचं आणखी एक कारण. एक्स्पॅट हा शब्द वरवर भोळा दिसतो, पण चामडीचा रंग बघून लागतो. आखातात इंग्रज अभियंता एक्स्पॅट, आणि त्याच्याच हाताखालचा रत्नागिरीचा फिटर 'लेबर'. इकामा दोघांच्याही खिशात. मराठीने हा भेद उसना कशाला घ्यायचा? दोघेही मुक्कामी.

जेद्दाच्या प्रकरणांत 'सिद्दीकी' भेटला तर तो शेजारी समजून 'सिद्दीकीसाहेब' करू नका. सौदीत दारूला बंदी, म्हणून पाश्चात्त्यांच्या वसाहतींत साखर आणि यीस्टपासून घरीच गाळतात, तिचं हे लाडाचं नाव. अरबी 'सदीकी' म्हणजे माझा मित्र. जंजिऱ्याच्या सिद्दीशीही नातं नाही, तो 'सय्यिदी'वरून आला.

हं, खवागा राहिलाच. कैरोत ज चा ग होतो, इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष जमाल अब्दुल नासर यांचा गमाल होतो, तसा ख्वाजाचा खवागा. होय, तोच ख्वाजा, अजमेरच्या मोईनुद्दीन चिश्तींच्या नावाआधीचा. फारसीत धनी, मालक, प्रतिष्ठित व्यापारी. इजिप्तमध्ये तो ग्रीक, इटालियन, पुढे सगळ्याच गोऱ्यांना चिकटला. परदेशी तेच चांगलं मानण्याच्या खोडीला तिथे 'उक्दत अल-खवागा' म्हणतात, खवागाची गाठ. पुण्यातही कमी नाही. तुर्कस्तानात याच शब्दाचा होजा झाला, म्हणजे गुरुजी, नसरुद्दीन होजातला. आपल्याकडे खोजा जमात झाली, आणि अंतःपुराच्या पहाऱ्यावरचा 'ख्वाजासरा' आखडून मराठीत नपुंसकाला खोजा म्हणू लागले. तेव्हा आपला शिक्षक इस्तंबूलला गेला असता तर पेशामुळे होजा, कैरोत कातडीमुळे खवागा, आणि जुन्या मराठीत नेला तर बिचाऱ्याची पंचाईत.

हाकेत शिवी नाही, मायाही फारशी नाही. अनुवादात 'खवागा'च ठेवा. तिथे 'साहेब' घालायचा मोह होईल, तो आवरा. साहेब हाही अरबीच, पण मूळ अर्थ सोबती. कैरोतला दुकानदार 'साहबी' म्हणाला तर तुम्ही त्याचे दोस्त. 'खवागा' म्हणाला तर भाव ऐकण्याआधीच निम्मा करायची तयारी ठेवा.