पहिलं दुकान, पहिला माल: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: घराची दहा बाय बाराची खोली एसटी थांब्याजवळ आहे. तिथे किराणा दुकान काढायचं आहे. हाताशी 80 हजार रुपये आहेत. सगळ्या पैशांचा माल भरू का? (एक भगिनी, ता. भोर)

उत्तर: ताई, सगळ्या पैशांचा भरू नका. 45 हजारांचा माल, 15 हजारांत फळ्या, डबे नि काटा, आणि 20 हजार बाजूला ठेवा. खरं खपतं काय, हे पहिल्या महिन्यात कळतं आणि तेच पुन्हा आणायला रोकड लागते. साखर संपली आणि पैसे न खपलेल्या शाम्पूत अडकले, तर गिऱ्हाईक साखरेबरोबर चहाही दुसरीकडून नेतं.

भरण्याआधी वीसेक घरांत विचारा, आठवडे बाजार ते आठवडे बाजार मधे काय संपतं? बहुधा साखर, चहा, मीठ, तेल, पोहे, काडेपेटी, साबण आणि 5-10 रुपयांची बिस्किटं. तेल पिशवीबंदच ठेवा. सुट्टं खाद्यतेल विकायला बंदी आहे.

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसार माल स्वस्त मिळतो खरा, पण टेम्पोभाडं धरून बघा. 500 किलोला 1500 रुपये भाडं म्हणजे किलोमागे 3 रुपये. भोरचा घाऊक व्यापारी 2 रुपयेच जास्त घेत असेल, तर तोच परवडतो.

सगळ्यात जास्त नुकसान सुट्ट्या मालाच्या वजनात होतं. समजा साखर 40 ने घेतली, 42 ने विकली. 50 किलोच्या पोत्यावर 100 रुपये सुटतात. अर्धा किलोच्या शंभर पुड्यांत प्रत्येकी 10 ग्रॅम जास्त गेले, तर किलोभर साखर, म्हणजे 40 रुपये गेले. दुपारी निवांत बसून काट्यावर पुड्या बांधून ठेवा. गर्दीत अंदाजाने तोलू नका.

भोरच्या पावसात पोती थेट जमिनीवर ठेवली तर तळातून ओल धरतात. चार विटांवर फळी टाका, भिंतीपासून वीतभर अंतर सोडा. साबण आणि उदबत्ती चहा-पिठापासून लांब, नाहीतर वास लागतो. नवा माल आला की जुना पुढे ओढा.

प्रश्न: कागदपत्रं कोणती लागतात? (एक वाचक, ता. मुळशी)

उत्तर: खाण्याचे पदार्थ विकायचे म्हणजे अन्नसुरक्षा नोंदणी हवी, छोट्या दुकानाला वर्षाला 100 रुपये शुल्क. अशा छोट्या दुकानाने दुकाने कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. मालाची वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. लोक विसरतात ते काट्याचं: इलेक्ट्रॉनिक काट्यावर दरवर्षी वैधमापन (वजनं-मापं तपासणाऱ्या) विभागाची मुद्रा, म्हणजे तपासणीचा शिक्का, करून घ्यावी लागते. गुटखा ठेवायचाच नाही, राज्यात 2012 पासून बंदी आहे.

प्रश्न: गावात उधारी नाकारता येत नाही. काय करावं? (एक वाचक, ता. राजगड, पूर्वीचा वेल्हे)

उत्तर: नाकारू नका, मर्यादा घाला. शेकडा दहा नफा धरला, तर बुडालेले 1000 रुपये भरून काढायला 10 हजारांची विक्री लागते. घरटी 500 रुपये पुरेत. वसुलीचा दिवस त्या घरात पैसा येतो तो ठरवा: दुधाचा पगार, मजुरीचा आठवडा. प्रत्येक नोंद गिऱ्हाइकासमोर, दोन वह्यांत करा, एक त्यांच्या घरी, एक दुकानात. मागचं मिटल्याशिवाय पुढचा माल द्यायचा नाही, हे उद्घाटनाच्या दिवशीच भावकीसकट सगळ्यांना सांगा. सहा महिन्यांनी सांगितलं तर त्याचा राग येतो.