वाचकांचे प्रश्न : एकट्याने पऱ्हाटी उपटून काय होणार?

या महिन्यात खानदेशातून आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे येथे एकत्र घेतली आहेत. त्यांचे विषय वरकरणी वेगळे असले, तरी आपल्या शेतात किंवा आपल्या घरात घेतलेल्या निर्णयाचा गावाच्या पुढच्या दिवसांवर काय परिणाम होतो, ही शंका तिन्ही पत्रांत आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी धरणगाव तालुक्यातील कापूस उत्पादक आहे. गुलाबी बोंडअळी वाढू नये म्हणून डिसेंबरअखेर पऱ्हाटी (वेचलेल्या कपाशीची झाडे) उपटून शेत नांगरून टाकतो. शेजारी मात्र मार्चपर्यंत फरदड (वेचणीनंतरही पुन्हा बोंडांसाठी उभी ठेवलेली जुनी कपाशी) ठेवतात, त्यांना वरचे चार पैसे मिळतात, आणि पुढच्या हंगामात अळी त्यांच्या व माझ्या शेतात सारखीच येते. मग मी एकट्याने शहाणपणा करून काय मिळवले?

उत्तर : भाऊ, स्पष्टच सांगायचे तर एकट्याने केलेल्या या कामातून तुमच्या पदरात फारसे काही पडत नाही, आणि पडते असे सांगून तुमची समजूत काढण्यात अर्थ नाही. गुलाबी बोंडअळी जवळजवळ केवळ कपाशीवरच जगते. हंगाम संपताना तिच्या अळ्या उरलेल्या किडक्या बोंडांत आणि सरकीत सुप्तावस्थेत जातात व पावसाळ्याच्या तोंडावर पतंग होऊन बाहेर पडतात. त्या वेळी शिवारात पात्या (कपाशीच्या कळ्या) आणि फुले नसली, तर अंडी घालायला जागा न मिळता ते पतंग मरून जातात. आपल्याकडे मात्र मार्चपर्यंत उभी असलेली फरदड अळीला सांभाळते, आणि आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) ठिबकावर लावलेली बागायती कपाशी पहिल्या पतंगांना जुलैअखेरपर्यंत फुले पुरवते. तुमच्या शिवारातल्या अशा एखाद्या शेतात अर्धवट उमललेली, पिळवटल्यासारखी दिसणारी डोमकळी सापडली, तर ती उलगडून पाहा. पाकळ्या बारीक धाग्यांनी एकमेकींना जखडलेल्या असतात आणि आत पांढुरकी अळी बसलेली असते. तिच्यातून निघणारा पतंग सातबारा पाहून उडत नाही. बीटी कपाशीचे (बोंडअळीला मारक जनुक घातलेल्या कपाशीचे) बियाणे ठरावीक तारखेपूर्वी शेतकऱ्यांना विकू नये, असे आदेश कृषी विभागाने अलीकडच्या काही वर्षांत काढले, ते हे चक्र तोडण्यासाठीच.

यामागे एक जुनी गोष्ट आहे आणि ती आपण सोयीने विसरलो आहोत. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, तेव्हा ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बियाण्याची पुडी दिली जात असे. ती शेताच्या कडेने लावायची होती. त्या ओळींवर वाढलेल्या साध्या पतंगांचा संकर बीटीला न जुमानणाऱ्या पतंगांशी होत राहिला, तर अळीची प्रतिकारशक्ती लवकर पक्की होत नाही, असा त्यामागचा विचार होता. किती पुड्या बांधावर फेकल्या गेल्या, हे आपापल्या गावातल्या जाणत्यांना विचारावे. कडेच्या ओळींचे उत्पन्न कशाला घालवायचे, हा हिशेब ज्याच्या त्याच्या शेतापुरता बरोबरच होता. तोच हिशेब घरोघरी झाला, त्यात लांब मुदतीचे संकरित वाण आणि फरदड यांची भर पडली, आणि २०१७ च्या हंगामात राज्यभर बोंडे किडली. पुढे बिगरबीटी बी त्याच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली. जो निर्णय शेतकऱ्यांनी एकमेकांशी बोलून पाळायचा होता, तो बियाण्याच्या पाकिटातच घालून आपल्या हातातून काढून घेतला गेला, आणि त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला फारसा उरलेला नाही.

हे असे होणारच, शेतकरी कधी एकत्र येत नाही, असे म्हणणारे बरेच भेटतात. त्यांनी एकदा साक्री तालुक्यात पांझरा नदीच्या काठी जाऊन फड या सामुदायिक सिंचन पद्धतीची चौकशी करावी. नदीवरच्या बंधाऱ्याखालील जमिनीचे मोठे फड पाडलेले असत, प्रत्येक खातेदाराचा तुकडा शक्यतो निरनिराळ्या फडांत असे, आणि कोणत्या फडात ऊस, कोणत्या फडात हंगामी पीक हे संपूर्ण फडासाठी एकदमच ठरे. पाणी कमी असलेल्या वर्षी भिजवायचे क्षेत्रच कमी केले जाई, त्यामुळे तूट एकाच्या डोक्यावर न पडता सर्वांत वाटली जाई. पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, आणि पाटाची साफसफाई करायला सगळे. ही व्यवस्था कित्येक पिढ्या चालली. वरच्या बाजूला धरणे झाली, घरोघरी विहिरी व मोटारी आल्या, तेव्हा ती खिळखिळी झाली. माणसे पूर्वी अधिक सज्जन होती म्हणून ती चालली, असे मला वाटत नाही. नियम हंगामाआधी ठरत होता, तो मोडला तर सर्वांना दिसत होता, आणि तो पाळणाऱ्याचे एकट्याचेच नुकसान होत नव्हते, म्हणून ती चालली.

तुमच्याही बाबतीत नेमके हेच करावे लागेल. पुढच्या डिसेंबरात शेजाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा मे महिन्यात, बियाणे घेण्याआधी, बांधाला बांध लागून असलेल्या शेतकऱ्यांची बैठक घ्या. लागवड केव्हा आणि पऱ्हाटी काढण्याची शेवटची तारीख कोणती, एवढ्या दोनच गोष्टी ठरवा. मात्र शेजारी फरदड का ठेवतो, हेही त्याला विचारा. तुमच्या विहिरीला पाणी असेल तर तुम्ही डिसेंबरनंतर गहू किंवा हरभरा पेरू शकता. ज्याच्याकडे तेवढे पाणी नाही त्याच्यासाठी फरदड हेच रब्बीचे पीक असते. त्याची अडचण विचारात न घेता केलेला नियम पहिल्याच वर्षी मोडेल. पऱ्हाटीचा भुगा करणारे यंत्र सर्वांनी मिळून भाड्याने आणणे, किंवा वेचणी संपताच ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्या शिवारात बसवणे, यांतून त्याचा खर्च तरी वाचतो. शिवाय मेंढ्या उरलेली किडकी बोंडे खातात आणि लेंडीखत मिळते ते वेगळेच. कामगंध सापळेही (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) सर्वांनी लावावेत. सलग ३ रात्री एका सापळ्यात दर रात्री ८ किंवा अधिक पतंग आले, तर उपाययोजनेची वेळ झाली असे समजतात, आणि हा आकडा गावाच्या फळ्यावर लिहिला तर फवारणीचा निर्णयही अंदाजाने घ्यावा लागत नाही.

प्रश्न : आपण नेहमी एकत्र निर्णयाचे कौतुक करता. सर्वांनी मिळून घेतलेला निर्णय चुकीचा नसतो का? (शिरपूर)

उत्तर : असतो, आणि अनेकदा एकट्याच्या चुकीपेक्षा तो जास्त जाचक असतो, कारण त्याविरुद्ध दाद मागायला गावात कोणी उरत नाही. जातपंचायतींनी कुटुंबे वाळीत टाकली, तीही एकमतानेच. त्यासाठी महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. वर गौरवलेल्या फड पद्धतीतही पाण्याचा हक्क जमिनीशी बांधलेला होता, तेव्हा भूमिहीनाचा त्यात वाटा नव्हता. म्हणून निर्णय किती जणांनी घेतला यापेक्षा, ज्याला तो सोसावा लागणार आहे तो त्या बैठकीत होता का, हे आधी पाहावे. साक्री तालुक्यातील बारीपाड्याचे उदाहरण यासाठी महत्त्वाचे वाटते. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने तेथील आदिवासींनी १९९० नंतरच्या काळात झाडतोडीवर स्वतःच दंड लावून जंगल राखले, आणि २०२५ साली पवार यांना पद्मश्री मिळाली. तेथे सरपणासाठी ज्यांचे हात बांधले गेले, त्यांनीच तो नियम केलेला होता.

प्रश्न : माझा मुलगा २९ वर्षांचा आहे. चोपडा तालुक्यात केळीची बाग, ठिबक, पक्के घर आहे. पण नोकरी नाही म्हणून मुलगी मिळत नाही. एक मध्यस्थ परगावची मुलगी दाखवतो म्हणून पैसे मागत आहे. मुलीचे लग्न आधीच झाले असून पुढच्या महिन्यात तिचे हक्कसोडपत्र करून घेणार आहोत, म्हणजे शेत मुलाच्या नावावर मोकळे होईल. आम्ही कोणाचे वाईट केले नाही, मग आमच्याच वाट्याला हे का?

उत्तर : ताई, मध्यस्थाला आधी पैसे देऊ नका. लग्नानंतर काही दिवसांत दागिन्यांसह नवरी नाहीशी झाल्याच्या तक्रारी आपल्याकडे वारंवार येतात.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर जनगणनेत आहे. जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे २००१ साली ८८० मुली होत्या, आणि २०११ साली ८४२. तुमचा मुलगा पहिल्या गणनेतला. दुसऱ्या गणनेतली मुले अजून लग्नाच्या वयात यायची आहेत, म्हणजे अडचण वाढणारच आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध राज्यात १९८८ पासून आणि देशात १९९४ पासून कायदा आहे, तरीही हे आकडे असे आले. तुमच्या घरात तसे काही घडले नसेल. पण ज्या घरांत घडले, त्यांनाही आपण एकच मुलगी नाकारतो आहोत असेच वाटले असणार. हुंडा द्यावा लागतो आणि शेत परक्या घरी जाते, ही दोन कारणे सांगितली जात, आणि ती दोन्ही एकट्या घराने निर्माण केलेली नव्हती. आज मुली नोकरीवालाच हवा म्हणतात, याचाही राग मानू नये. आईने शेतात आयुष्यभर राबूनही तिचे नाव कुठल्याच कागदावर नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते.

याच कारणाने तुमच्या पत्रातील हक्कसोडीचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मिळाला, आणि वडील त्या आधी वारले असले तरी तो हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. हक्कसोड ऐच्छिक असते आणि ते नोंदवावे लागते. मुलीने खरोखर राजीखुशीने सही करायची असेल, तर मसुदा तिला महिनाभर आधी द्या आणि तिच्या पसंतीच्या वकिलाकडून वाचून घेऊ द्या. भावाच्या लग्नाचे कारण पुढे करून सही मागू नका. मुलाच्या नावावर जी जमीन येईल, तिच्या सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावता येते. १९९२ च्या लक्ष्मीमुक्ती योजनेनुसार पतीने तलाठ्याकडे त्यासाठी अर्ज करायचा असतो. मुलाची तशी तयारी असेल, तर पुढचे स्थळ पाहायला जाल तेव्हा केळीच्या बागेच्या आधी ही गोष्ट सांगा, आणि ती मुलीच्या वडिलांना सांगण्याऐवजी मुलीलाच सांगा.