रात्री सगळे एकत्र जेवत नाहीत, म्हणून घर तुटतंय का?

जेवणावरून घरात रोज कुरबुर होते, काय करावं, असं विचारणारी मंडळी माझ्याकडे नेहमी येतात. सून आधी जेवून घेते, मुलं ताट घेऊन टीव्हीपुढे बसतात, जावई पानात टाकतो. तक्रारी साधारण अशाच असतात. त्यातली एक सांगते. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत.

भांडुपच्या एक काकू सुनेला घेऊन आल्या. मुलाचं ऑफिस फोर्टात, त्याला घरी यायला दहा वाजतात. सून ठाण्याहून साडेसातला येते आणि आठला लेकीबरोबर जेवून घेते. काकू मात्र मुलासाठी थांबतात. "दमूनभागून येणार आणि एकटाच गिळणार? आमच्याकडे असं कधी झालं नाही." सून म्हणाली, "थांबू नका म्हटलं तर आई बोलत नाहीत. मी ताट घेतलं की पातेली मात्र जोरात वाजायला लागतात."

त्यांच्या लहानपणी जेवणं कशी व्हायची, असं मी काकूंना विचारलं, तशा त्या खुलल्या. गिरगावातली चाळ, दहा बाय बाराची खोली, माणसं नऊ. आधी पुरुषांची आणि मुलांची पंगत. 'वदनी कवळ घेता' झाल्याशिवाय घासाला हात लावायचा नाही. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी उजवीकडे. वाढताना चुकलं की आजी सगळ्यांदेखत बोलायची. बायका मागाहून, उरलंसुरलं घेऊन बसायच्या. एवढ्याशा खोलीत नऊ पानं एकदम मांडणार तरी कुठे, हेही खरंच.

"म्हणजे एकत्र जेवत नव्हतातच," मी म्हटलं.

"नव्हतो. पण आई आमच्याआधी कधी जेवली नाही."

गाठ इथे होती. मागाहून जेवणं हीच काकूंच्या लेखी माया. त्यामुळे सून आठला जेवते म्हणजे तिला नवऱ्याची काळजी नाही, असा त्यांनी मनात हिशेब मांडला होता. सुनेच्या माहेरी दोघंही नोकरीला जाणारे. ज्याला भूक लागेल त्याने वाढून घ्यायचं. तिला कुणी आपल्यासाठी उपाशी राहणं म्हणजे दडपणच वाटायचं. बहुतेक घरांत वाद चालतो टेबल, चमचा, मोबाइल यांवरून आणि दुखत असतं ते कोण कोणासाठी थांबतं यावरून.

बोलता बोलता कळलं की काकूंना मधुमेह आहे आणि संध्याकाळची गोळी घेऊन त्या दहापर्यंत उपाशी असतात. मध्यंतरी घाम फुटून हात थरथरले होते. मधुमेहाच्या काही गोळ्यांनंतर जेवण लांबलं तर साखर धोकादायक इतकी खाली जाते. इतर रीतींबाबत मी तडजोड सुचवते, इथे नाही. आधी डॉक्टरांना गोळीची आणि जेवणाची वेळ विचारून या, असं बजावलं.

पुढच्या वेळी मुलाला बोलावलं. त्याला घरात कुणी काही विचारलंच नव्हतं! तो म्हणाला, "आई उपाशी बसलेली असते, म्हणून मला गाडीतच घाई होते. मी आल्यावर नुसती शेजारी बसली तरी पुरे."

मग ठरलं, काकूंनी आठला सून-नातीबरोबर जेवायचं, दहाला मुलाजवळ गप्पा मारत बसायचं. रविवारी दुपारी सगळ्यांनी एकत्र. नात चमच्याने जेवते, याचंही काकूंना वाईट वाटत होतं. त्यावर मी काहीच सुचवलं नाही. रविवारी त्यांच्याकडे बांगड्याचं कालवण असतं, आणि बांगड्याचे काटे चमच्याने काढून दाखवणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

सुरुवातीला आठ वाजता काकूंच्या घशाखाली घास उतरेना. अर्धी भाकरी खाऊन उठायच्या. आता नीट जेवतात. मुलाला वाढायचं काम मात्र त्या सोडायला तयार नाहीत आणि सुनेचीही त्याला हरकत नाही. मोबाइलचं भांडण अजून चालू आहे. ताटाशेजारी फोन ठेवणारा मुलगाच आहे, तेव्हा त्याला पुन्हा बोलावलंय.