व्हिनेगर टाकलं, पण फसफसलं नाही

प्रश्न : माझा भाचा नोकरीनिमित्त तामिळनाडूत सेलमला असतो. दिवाळीत येताना त्याने मुठीएवढा पांढराशुभ्र दगड आणला. दिसायला थेट फ्लॉवरचा गड्डा. तो म्हणतो मॅग्नेसाइट, मी म्हणते संगमरवर. व्हिनेगर टाकून पाहिलं, एक बुडबुडा आला नाही. हा दगड ओळखायचा कसा? आणि आपल्या पावसाळ्यात टिकेल का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, भाच्याचं पारडं जड दिसतंय. संगमरवर म्हणजे कॅल्साइट, कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर व्हिनेगर पडलं की बारीक बुडबुडे येतातच. मॅग्नेसाइट हे मॅग्नेशियम कार्बोनेट. थंड, सौम्य आम्लाला ते दाद देत नाही, आम्ल गरम केलं की फसफसतं. हा प्रयोग मात्र गॅसवर करू नका. मी आयुष्यभर कॉलेजच्या प्रयोगशाळेत वावरले, तरी घरी करत नाही.

पण नुसतं 'फसफसलं नाही' यावर जाऊ नका, कारण गारगोटीही फसफसत नाही. चाकूचं टोक ओढून पाहा. गारगोटीवर ओरखडा उठत नाही, मॅग्नेसाइटवर उठतो; १ ते १० च्या मोजपट्टीवर त्याची कठिणता ४ च्या आसपास.

खरी मजा वजनात आहे. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दगड कोरडा तोला. मग पाण्याचं पातेलं काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला-कडेला टेकू देऊ नका. आता जो आकडा दिसेल त्याने कोरड्या वजनाला भागा. माझा सेलमचा तुकडा कोरडा ३१२ ग्रॅम, पाण्यातला आकडा १०६. भागाकार २.९४, म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या २.९४ पट जड. शुद्ध मॅग्नेसाइट ३ च्या जवळ जातं, कॅल्साइट २.७१, गारगोटी २.६५. दगड सच्छिद्र असेल तर उत्तर थोडं कमी येतं. हा हिशेब मी आधी केला असता, तर माझ्या कपाटातल्या एका पांढऱ्या गोळ्यावर ११ वर्षं 'मॅग्नेसाइट' अशी चिठ्ठी राहिली नसती. तो निघाला २.६५!

सेलमजवळच्या त्या टेकड्यांना इंग्रजांनी 'चॉक हिल्स' म्हटलं, पण तिथे चॉक नाहीच. मॅग्नेशियमने भरलेल्या काळपट-हिरव्या खडकात कार्बन डायऑक्साइड मिसळलेलं पाणी मुरलं आणि भेगांत हा पांढरा दगड साकळला. त्याला स्फटिक दिसत नाहीत, फोडला तर चिनी मातीच्या कपासारखा गुळगुळीत, वाटोळा फुटतो. डोळ्यांना दिसणारे पारदर्शक स्फटिक हवे असतील तर ब्राझीलमधल्या ब्रुमाडोचे पाहावेत. आपल्याकडे पवई-मालाडच्या बेसाल्टमध्ये पांढरं काही सापडलं तर ते बहुधा झिओलाइट (बेसाल्टच्या पोकळ्यांत वाढणारी खनिजं), कॅल्साइट किंवा गारगोटी समजावं.

हा दगड भट्टीत भाजला की निम्म्याहून जास्त वजन वायू होऊन उडून जातं. १०० ग्रॅममधले ४८ ग्रॅम उरतात. त्या उरलेल्या भुकटीच्या विटा पोलादाच्या भट्ट्यांना आतून लावतात. जिम्नॅस्टिक्सची मुलं हाताला जी पांढरी पूड चोळतात, तीही मॅग्नेशियम कार्बोनेटच, फक्त कारखान्यात बनवलेली.

एक इशारा. फेरीवाल्याकडे स्वस्तात 'फिरोजा' मिळाला तर कापसाला नेलपॉलिश रिमूव्हर लावून मण्याच्या मागच्या बाजूला पुसा. मी पुसलं आणि कापूस निळा झाला. मॅग्नेसाइट रंग छान पितो, म्हणून हा धंदा चालतो.

याच गुणामुळे तुमच्या दगडाला पावसापेक्षा हळदीच्या बोटांची भीती जास्त. साध्या पाण्याने, जुन्या टूथब्रशने धुवा. डाग काढायला कुठलंही आम्ल नको. पंख्याखाली दोन दिवस वाळवून झाकणाच्या डबीत ठेवा. पावसाळ्यात धोका आहे तो चिठ्ठीला. माझ्या चार चिठ्ठ्या कसरीने खाल्ल्या. तेव्हापासून मी दगडाच्या खालच्या बाजूला नेलपॉलिशचा ठिपका देते, त्यावर काळ्या शाईने नंबर घालते आणि बाकी सगळं वहीत लिहिते. भाच्याला आजच फोन करा. दगड नेमका कुठल्या रस्त्याकडेला, कुठल्या महिन्यात उचलला आणि खाणीच्या हद्दीतला असेल तर कुणाला विचारून घेतला, हे तो विसरायच्या आत लिहून घ्या.