पोलिसांनी तक्रारच घेतली नाही, तर त्यांच्या वर कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पर्वरीला तुमची स्कूटर चोरीला गेली, दोनदा ठाण्यावर गेलात, दोन्ही वेळा ‘दोन दिवस शोधा, मग या’ म्हणून परत पाठवलं. पोलिसांवर लक्ष ठेवणारं कोणी आहे की नाही, आणि केंद्र सरकार सगळ्या देशाचं पोलीस खातं एकदाच का सुधारत नाही?

मी फोंड्याला वकिली करते. माझे बाबा गोवा पोलिसांत हवालदार होते. त्यामुळे ठाण्याच्या टेबलाच्या दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत, आणि दोन्ही बाजूंसाठी माझा जीव तुटतो.

आधी स्कूटरचं सांगते. वाहनचोरी दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या परवानगीची वाट न बघता तपास सुरू करता येतो असा. (पाच हजारांच्या आतल्या साध्या चोरीचं नव्या कायद्यात वेगळं आहे, पण स्कूटर त्यात बसणार नाही.) दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की प्रथम माहिती अहवाल (एफआयआर) नोंदवणं ठाण्यावर बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात हे स्पष्ट केलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम १७३ मध्ये आहे. हद्द कुणाचीही असो, कुठलंही ठाणं नोंद घेऊ शकतं. तक्रार ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. अहवालाची प्रत फुकट मिळते. काही गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवस प्राथमिक चौकशी करायची मुभा आहे, पण ती कागदावर करायची असते. ‘मग या’ असं तोंडी सांगून नाही.

नोंद घेतलीच नाही तर तीच तक्रार लिहून पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा. पावती जपून ठेवा. तिथेही काही हललं नाही तर प्रतिज्ञापत्र जोडून प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. आधी अधीक्षकांकडे गेल्याचा पुरावा मागतात, म्हणून पावतीचं एवढं सांगते.

आता तुमचा खरा प्रश्न.

‘देशाचं पोलीस खातं’ असं काही नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत पोलीस हा राज्यांचा विषय आहे. देशभर एक असते ती भारतीय पोलीस सेवा, म्हणजे वरचे अधिकारी. गोव्यात हे आणखी गुंतागुंतीचं आहे. आपले आयपीएस अधिकारी अरुणाचल, गोवा, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेश मिळून असलेल्या एकाच केडरमधून, म्हणजे अधिकाऱ्यांच्या सामायिक गटातून, येतात, त्यांच्या बदल्या दिल्लीतलं गृहमंत्रालय करतं. शिपाई, हवालदार, उपनिरीक्षक मात्र इथलेच, वाळपईच्या प्रशिक्षण केंद्रातून निघालेले. म्हणजे खात्याचं डोकं दिल्लीच्या हातात, हातपाय पणजीच्या. जबाबदारी विचारायला गेलं की एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

२०२४ च्या जूनमधलं आसगावचं घर पाडल्याचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. ठाण्याचे निरीक्षक आणि दोन उपनिरीक्षक निलंबित झाले. मग पाडकाम होऊ द्यावं म्हणून खुद्द पोलीस महासंचालकांनीच ठाण्यावर दबाव आणल्याचा आरोप अहवालातून बाहेर आला आणि पुढच्या महिन्यात केंद्राने त्यांची दिल्लीला बदली केली. आरोपाचं खरंखोटं मी ठरवणार नाही. मला खुपतं ते एवढंच की कुणावर काय कारवाई व्हावी हे ठरवणारे पहिल्यापासून शेवटपर्यंत सरकार आणि खातंच होते. कुणाचं देणं लागत नाही असा तिसरा माणूस त्या सगळ्या प्रकरणात कुठेच दिसला नाही.

तो तिसरा माणूस कागदावर आहे. उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. निकाल आला २२ सप्टेंबर २००६ रोजी, आणि त्यात सात निर्देश होते. सगळे इथे लिहीत बसत नाही, आपल्या कामाचे सांगते. राज्य सुरक्षा आयोग, म्हणजे सरकारने पोलिसांवर बेकायदा दबाव आणू नये म्हणून पहारा. आस्थापना मंडळ, म्हणजे उपअधीक्षक आणि त्याखालच्यांच्या बदल्या मंत्र्याने नव्हे, महासंचालक आणि चार वरिष्ठ अधिकाऱ्यांनी ठरवाव्यात. ठाणेप्रमुखाला किमान दोन वर्षांची मुदत. तपासाचं काम बंदोबस्तापासून वेगळं. आणि पोलीस तक्रार प्राधिकरण, ज्याच्यासमोर सामान्य माणूस पोलिसाविरुद्ध तक्रार नेऊ शकेल.

गोव्यात हे प्राधिकरण २००७ मध्ये आलं. निवृत्त न्यायमूर्तींनी त्यावर काम केलं आहे. पोलिसाने मारहाण केली, पैसे उकळले, जमीन बळकावणाऱ्याला साथ दिली, तर तिथे जाता येतं. वकील लागतोच असं नाही, मराठीत किंवा कोकणीत साध्या कागदावर सगळं तारखेवार लिहून द्या. स्कूटरची नोंद न घेण्यासाठी मी तुम्हाला आधी अधीक्षक आणि दंडाधिकाऱ्यांकडेच पाठवीन, ते लवकर होतं. पण ठाण्यावर शिवीगाळ झाली, पैसे मागितले, तर प्राधिकरणाची पायरी चढा.

दुखणं कुठे आहे, तर २००६ च्या निकालात म्हटलं होतं की प्राधिकरणाची शिफारस सरकारवर बंधनकारक असेल आणि चौकशीसाठी त्याला निवृत्त तपास अधिकारी नेमता येतील. आपलं प्राधिकरण सरकारी आदेशातून उभं राहिलं, विधानसभेने केलेल्या पोलीस कायद्यातून नाही. शिफारस करायची आणि सरकार काय करतं याची वाट बघायची. तक्रारदार तारखांना येत राहतो, एखादा निवृत्त शिक्षक, एखादी मासेविक्री करणारी बाई, दिवसाची कमाई सोडून. शेवटी हातात शिफारस पडते आणि पुढचा कागद खात्याच्याच कपाटात जातो.

आणि आपला पोलीस कायदा? तो १८६१ चा आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी आयर्लंडच्या पोलिसांच्या धर्तीवर, रयतेला धाकात ठेवण्यासाठी केलेला. त्या वेळी आपण पोर्तुगीज राजवटीत होतो. म्हणजे १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा हा कायदा शंभर वर्षांचा झालेला होता, आणि मुक्त गोव्याला तोच मिळाला. त्याच्या कलम ३ प्रमाणे पोलिसांची देखरेख राज्य सरकारकडे, आणि सरकारने ती कुठल्या मर्यादेत करायची याबद्दल अवाक्षर नाही. पत्रादेवीच्या पलीकडे महाराष्ट्राने १९५१ चा स्वतःचा पोलीस कायदा २०१४ मध्ये दुरुस्त करून सुरक्षा आयोग आणि तक्रार प्राधिकरण त्यात घातलं. तिथलं सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही, पण निदान कायद्यात बोट ठेवायला जागा आहे.

केंद्राने काय केलं हेही विचारलंत. १९७७ मध्ये धरमवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला, १९८१ पर्यंत त्याने आठ अहवाल दिले. मग १९९८ मध्ये ज्युलिओ रिबेरो यांची समिती, २००० मध्ये पद्मनाभय्या समिती, २००६ मध्ये सोली सोराबजी समितीचा आदर्श कायद्याचा मसुदा. शहाणपणाची उणीव कधीच नव्हती. ज्याच्या हातात बदलीचा अधिकार आहे त्याने तो आपणहून सोडायचा, इथे घोडं अडतं. गेली अनेक वर्षं गोव्यात गृहखातं बहुतेक मुख्यमंत्र्यांकडेच राहिलं आहे. सुरक्षा आयोगाचा अध्यक्षही मुख्यमंत्री किंवा गृहमंत्रीच. आपल्यावरच्या पहाऱ्याचं प्रमुखपद आपल्याकडेच, मग पहारा कसला?

आता बाबांचं सांगते, कारण निगराणी म्हटलं की लोकांना वाटतं ती पोलिसांच्या विरोधात आहे. मी आठवीत होते. बाबा उत्तर गोव्यातल्या एका ठाण्यावर रात्रपाळीला होते. एका वजनदार माणसाच्या ट्रकने रस्त्यावर एकाला उडवलं. ट्रक कोण चालवत होता ते बाबांनी स्टेशन डायरीत जसं होतं तसं लिहिलं. सकाळी ती नोंद ‘दुरुस्त’ करायला सांगितलं. बाबा नाही म्हणाले. आठवड्याच्या आत बदलीचा कागद आला, गोव्याच्या पार दुसऱ्या टोकाला. आई तेव्हा आजीच्या आजारपणात अडकलेली. पुढे दीड वर्ष बाबा पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचे, शेवटच्या बसने, आणि गणवेशाची पिशवी दारातच ठेवायचे. कुणाकडे दाद मागायची याचा पत्ताच नव्हता. संघटना नाही, मंडळ नाही, आयोग नाही. साहेब म्हणाले होते, ‘हवालदार, नोकरी करायची की नाही?’

तुमची स्कूटर नोंदवून न घेणारा माणूस वाईटच असेल असं नाही. आकडा वाढला की वरून बोलणी बसतात, उद्या कुणाच्या फोनवर बदली होईल याची भीती असते, चतुर्थीला आणि कार्निव्हलला सलग बंदोबस्त असतो, आणि ज्याने तपास करायचा तोच चौकात वाहतूक सांभाळत उभा असतो. दोन वर्षांची मुदत आणि वेगळा तपास विभाग खरोखर आला तर तोच माणूस तुमची तक्रार पहिल्या दिवशी लिहून घेईल. मी बाबांना पाहिलं आहे, म्हणून हे छातीवर हात ठेवून सांगते.

इंग्लंडमध्ये स्विंडनला आपले बरेच गोंयकार आहेत. तिथल्या कुणाला विचारा. २०१८ पासून तिथे पोलिसांच्या वर्तनावर देखरेख करणारं एक स्वतंत्र कार्यालय आहे, स्वतःचे तपासनीस असलेलं. किरकोळ तक्रारी तिथेही पोलीसच हाताळतात, पण कोठडीतला मृत्यू किंवा गंभीर इजा असली की ती बाहेरच्याकडे कळवावीच लागते. आपल्याकडे एवढं जरी गोव्याच्या स्वतःच्या पोलीस कायद्यात आलं, की प्राधिकरणाला स्वतःचे तपासनीस आणि त्याची शिफारस न पाळल्यास सरकारने लेखी कारण विधानसभेपुढे ठेवायचं, तर पुष्कळ फरक पडेल. हे दिल्लीला करावं लागत नाही. पर्वरीच्या विधानसभेत होतं, तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तुमच्या आमदाराला पुढच्या अधिवेशनाआधी दोन ओळींचं पत्र लिहा: राज्य सुरक्षा आयोगाच्या बैठका किती झाल्या आणि त्याचे वार्षिक अहवाल सभागृहात ठेवले का? असा प्रश्न आमदाराने विचारला की सरकारला उत्तर द्यावं लागतं.

आणखी एक. सर्वोच्च न्यायालयाच्या २ डिसेंबर २०२० च्या आदेशानुसार प्रत्येक ठाण्यात आवाजासह सीसीटीव्ही हवेत आणि चित्रण अठरा महिने, अगदी शक्य नसेल तर किमान वर्षभर, जपायला हवं. तुम्ही दोनदा गेलात त्या दोन्ही तारखा आणि वेळा आजच लिहून ठेवा, आणि अधीक्षकांच्या पत्रातच ते चित्रण राखून ठेवण्याची विनंती करा. गेल्या पावसाळ्यात आमच्या वाड्यावरच्या एका मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या) काकीची वाट नव्या मालकाने कुंपण घालून अडवली, तिला धमकावलं, आणि ठाण्यावर ‘हा दिवाणी मामला, मामलेदाराकडे जा’ म्हणून हाकललं. वाटेचं मामलेदाराकडे हे खरं, पण धमकी हा गुन्हा होता. आम्ही पत्रात तारीख, वेळ आणि चित्रणाची ती एक ओळ घातली. अकराव्या दिवशी ठाण्यावरून फोन आला, ‘काकी, सही करायला या.’